आधी रात्र मोज, मग रोप निवड

चिऊ,

तू पाठवलेली यादी नीट वाचली. दोन फुटांची काचेची टाकी, आणि तिच्यात व्हीनस फ्लायट्रॅप, बोर्निओची राजा घटपर्णी, व्हेनेझुएलाची हेलिअँफोरा आणि ‘कासहून कुणीतरी आणून देईल ते’ दवबिंदू (ड्रोसेरा). फोटो बघून मन बसलं की अशीच यादी होते, त्यात काही वावगं नाही. पण पैसे पाठवायच्या आधी माझं ऐकून घे. ही कीटकभक्षी झाडं स्वस्त नसतात, कुरिअरनं घरी येईपर्यंत दमलेली असतात, आणि जागा मानवली नाही तर एकदम मरत नाहीत. महिना-दोन महिने झुरतात. पान पान करून जाणारं रोप बघत बसणं फार जिवावर येतं.

‘थंड आणि दमट टेरेरियम’ करायचंय असं तू लिहिलंस. त्यातला दमटपणा सोपा आहे. काचेची पेटी, तळाशी ओलं मॉस, वर झाकण, एवढं केलं की आर्द्रता आपोआप ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. अवघड आहे तो थंडावा. काच ऊन आत घेते आणि उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. थेट उन्हात ठेवलेल्या बंद टाकीत रोपं अक्षरशः शिजतात. एलईडी दिवे लावलेस तरी आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी चढतंच. म्हणजे पेटी आपणहून कधीच थंड होत नाही. खोली थंड असेल तरच पेटी थंड.

आणि त्यातही दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची. तुझ्या यादीतली राजा घटपर्णी येते बोर्निओच्या किनाबालू डोंगरावरून, साधारण दीड हजार ते अडीच हजार मीटर उंचीवरून. जोसेफ हूकरनं १८५९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. बोर्निओ विषुववृत्तावर आहे हे खरं, पण त्या उंचीवर दिवसभर ढग अंगावरून जात असतात, दुपारी वीस-बावीस अंश असतं आणि रात्री पारा बारा-तेरापर्यंत उतरतो. झाड दिवसा उजेडात साखर तयार करतं आणि रात्री श्वसनात ती वापरतं. रात्र जितकी उबदार, तितकी साखर जास्त जळते. डोंगरावरच्या रोपाला रोज रात्री पंचवीस अंशांत ठेवलं, तर नवं पान आधीच्यापेक्षा लहान येतं, मग त्याहून लहान, आणि पानाच्या टोकाला घट धरणं बंद होतं. पाणी, माती, दिवा सगळं बरोबर असूनही असं का होतंय, ते कळत नाही, कारण आपण बघतो दिवसा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी हेच केलं होतं. उष्ण कटिबंधातलं झाड म्हणजे त्याला उकाडाच हवा, असं धरून डोंगरावरची ऑर्किडं त्यांनी तापवलेल्या काचघरांत कोंडली आणि ती हजारोंनी मेली. तुला हे सगळं आज घरबसल्या वाचायला मिळतंय, तर त्याचा फायदा घे.

म्हणून पहिली खरेदी रोपाची करू नकोस. किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, आर्द्रताही दाखवणारा. तो घे, टाकी जिथे ठेवणार आहेस तिथे रिकामी मांड, ओलं मॉस घाल, दिवा लाव आणि आठवडाभर रोज सकाळी रात्रीचा सर्वांत कमी आकडा लिहून ठेव. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत हा आकडा बघून तू हरखून जाशील, पण त्यावर भरवसा ठेवू नकोस. रोपाला एप्रिल-मे काढायचा असतो. तेव्हा आपल्या सिमेंटच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर ती धग घरात सोडत राहतात. बाहेर बावीस-तेवीस असलं तरी बंद खोलीत सत्तावीस-अठ्ठावीस असतं. तुझ्या बेडरूमला रात्री एसी असतो, तो चोवीसवर, म्हणजे तुझ्या पेटीची रात्र चोवीसची. हाच आकडा धरून निवड करायची. एसीनं खोलीतली हवा कोरडी होते, त्याची काळजी नको, झाकलेल्या पेटीत ओल टिकते. फक्त एसीचा झोत काचेवर थेट नको.

चोवीसच्या रात्रीत राजा घटपर्णी जगणार नाही. हेलिअँफोरासुद्धा नाही. ती दक्षिण अमेरिकेतल्या टेपुई नावाच्या सपाट माथ्याच्या डोंगरांवरची, व्हेनेझुएला, गयाना आणि ब्राझीलच्या सीमेवरची. पान गुंडाळून झालेली उभी नळी, वरच्या टोकाला मध पाझरणारी इवलीशी वाटी, आणि सतत कोसळणाऱ्या पावसाचं जादा पाणी निघून जावं म्हणून नळीच्या पुढच्या बाजूला एक बारीक फट. इतकं देखणं झाड दुसरं नाही, तुला मोह पडला यात नवल नाही. पण तिला रात्री दहा ते पंधरा अंश लागतात आणि भरपूर उजेडही लागतो. ज्यांच्याकडे ती नांदते त्यांनी जुना फ्रिज किंवा वाइन ठेवायचा कूलर फोडून, त्यात दिवे आणि पंखे बसवून पेटी केलेली असते, नाहीतर मासे पाळणारे वापरतात तो पाणी थंड करणारा चिलर जोडलेला असतो. रोज संध्याकाळी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवणारेही आहेत. थर्माकोलच्या आवरणात काही तास त्यानं चार-पाच अंश खाली येतात, पण मग उन्हाळाभर एकही संध्याकाळ चुकवायची नाही, गावाला जायचं नाही. पहिल्या वर्षी तुला हा व्याप नको.

तुझी मैत्रीण पाचगणीला असते ना, तिचं वेगळं. महाबळेश्वर-पाचगणीला पावसाळाभर ढग घरात शिरतात आणि उन्हाळ्यातही रात्री बऱ्याच उतरतात. बंगळुरूचंही बरं असतं. लंडन-डब्लिनला राहणाऱ्या आपल्या मुलींना तर न तापवलेल्या खोलीच्या कोपऱ्यात हवी ती थंड रात्र फुकट मिळते, त्यांना कमी पडतो तो हिवाळ्यातला उजेड. मुंबईत मात्र थंड रात्र मुळात नाहीच. तिथे कुणी विचारलं तर सखल प्रदेशातल्या घटपर्णी घे, अँप्युलारियासारख्या, असंच मी सांगते.

आता तुझ्या पेटीत काय छान राहील ते सांगते.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये वर्षावनातल्या ओढ्यांच्या काठी दवबिंदूच्या तीन जाती वाढतात: ॲडेली, प्रोलिफेरा आणि शिझांड्रा. जगभरचे हौशी लोक त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणूनच ओळखतात. बाकीचे दवबिंदू उन्हाचे भुकेले, या तिघी सावलीतल्या. मोठ्या झाडांखालचा मंद उजेड, सतत ओल, वाहतं गार पाणी जवळ. काचेच्या पेटीसाठी जणू मुद्दाम घडवल्यात. यातली शिझांड्रा बार्टल फ्रियर नावाच्या डोंगरावरची, आणि हे नाव वाचून मला फार गंमत वाटली होती. क्वीन्सलँडच्या या सर्वांत उंच डोंगराला ज्याचं नाव दिलं तो सर बार्टल फ्रियर म्हणजे १८४० च्या दशकात आपल्या साताऱ्याला रेसिडेंट असलेला, आणि पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर झालेला इंग्रज अधिकारी. कासच्या पायथ्याच्या गावातून कारभार केलेल्या माणसाचं नाव दूरच्या एका दवबिंदूच्या डोंगराला आहे.

तिघींमध्ये थोरली म्हणावी अशी सोशिक ॲडेली. तिच्यापासूनच सुरुवात कर. लांब, निमुळती, भाल्याच्या पात्याच्या आकाराची पानं, त्यांवर बारीक केसर आणि प्रत्येक केसराच्या टोकाला चिकट थेंब. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाहीस: ती पार्सलमधून येईल तेव्हा एकाही केसरावर थेंब नसेल. पानं काळवंडतील, एखादेवेळी सगळीच सुकतील. उपटून फेकू नकोस. मॉस ओलं ठेव आणि थांब. ॲडेलीच्या मुळांतून नवे कोंब फुटतात, आणि एकदा रुजली की कुंडीच्या भोकांतून बाहेर येऊन शेजारच्या कुंडीतही डोकं काढते. प्रोलिफेराची पानं मूत्रपिंडाच्या आकाराची, छोटी. तिच्या फुलाच्या दांड्यावर, फुलाच्या जागी पुष्कळदा पिल्लू रोपच धरतं, दांडा वजनानं खाली वाकतो आणि ते पिल्लू जिथे टेकेल तिथे रुजतं. शिझांड्रा या तिघींत लाडावलेली. रुंद, मऊ, टोकाला खाच असलेली पानं, आणि ऊन, कोरडी हवा, उकाडा यांतलं काहीही तिला खपत नाही. ती दुसऱ्या वर्षी आण, पेटीवर तुझा हात बसल्यावर.

दुसरी निवड मेक्सिकोची पिंग्विक्युला, म्हणजे बटरवर्ट. यातली मोरानेन्सिस ही जात हंबोल्ट आणि बाँप्लाँ यांनी १८०३ मध्ये मेक्सिकोत गोळा केली होती, मोरान नावाच्या खाणीजवळ, त्यावरून तिचं नाव पडलं. पहिल्यांदा पाहिलंस तर हिला कीटकभक्षी म्हणणारच नाहीस. जमिनीलगत पसरलेली फिक्या हिरव्या, जाडसर पानांची चकती आणि मधून वर आलेल्या दांड्यावर एकच गुलाबी-जांभळं फूल. पण भिंग घेऊन पान बघ. पानभर बारीक ग्रंथी, प्रत्येकीवर चिकट रसाचा कण, त्यामुळे पान तेलकट चमकतं. कुंड्यांच्या ओल्या मातीत होणारं काळं चिलट त्यावर उतरतं आणि पाय उचलायला जातं, तेव्हा त्या कणांचे धागे ओढले जातात. ते जितकं धडपडतं तितकं जास्त चिकटतं. मग त्याच्याभोवती दुसऱ्या ग्रंथींमधून पाचक रस झिरपायला लागतो, पान तेवढ्या जागी ओलसर दिसतं, आणि काही दिवसांनी उरतं फक्त रिकामं कवच आणि पंख. ज्यांच्या घरी कुंड्या आहेत त्यांच्या खिडकीत एक तरी पिंग्विक्युला असावी, चिलटांवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. शिवाय तिचं एक निरोगी पान मुळाशी हलकेच ओढून काढलं आणि ओल्या मॉसवर ठेवलं की त्याच्या बुडाला नवं रोप येतं. मैत्रिणींना द्यायला पुरून उरतील.

तिची एक खोड मात्र सांभाळावी लागते. हिवाळ्यात, दिवस लहान झाले की मोठी चिकट पानं जाऊन छोट्या, जाड, रसाळ पानांचा गड्डा उरतो. तेव्हा ती कीटक धरत नाही, आणि तेव्हा तिला कमी पाणी हवं असतं. मेक्सिकोत तो काळ कोरडा असतो. म्हणून तिची कुंडी पेटीत इतरांपेक्षा उंचावर ठेव, खाली एखादी पालथी वाटी ठेवलीस तरी चालेल, आणि मिश्रणात परलाइट आणि वाळूचं प्रमाण जास्त ठेव.

तिसरी युट्रिक्युलेरिया सँडरसोनी, दक्षिण आफ्रिकेतल्या ओल्या खडकांवरची. हिरवळीसारखी पसरते आणि वर्षभर थांबून थांबून फुलते. फुलाच्या वरच्या दोन पाकळ्या सशाच्या कानांसारख्या उभ्या असतात. हिचे सापळे म्हणजे मातीखालचे इवले फुगे, टाचणीच्या डोक्याहून लहान. फुग्यातून पाणी उपसून आतला दाब कमी करून ठेवायचा, आणि एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडून पाण्यासकट त्याला आत ओढायचं, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात. वनस्पतीच्या जगात इतकी चपळ हालचाल क्वचितच. तुला ते डोळ्यांनी दिसणार नाही, पण फुलं दिसतील.

घटपर्णी हवीच असेल, तर फिलिपाइन्सची व्हेंट्रिकोसा. मध्यम उंचीवरची, समजूतदार, कंबर आवळलेल्या आकाराचे घट. नर्सरीत सगळ्यात जास्त मिळते ती तिचीच संकरित लेक व्हेंट्राटा. तीही काटक आहे, पण तिचा वेल बघता बघता टाकीबाहेर जातो. तिला बाल्कनीत टांगलेली कुंडीच बरी, पावसाळ्यात तिथे ती आपणहून घट धरते. हवा कोरडी पडली की घटपर्णीच्या पानाच्या टोकाची दोरी वाळते आणि पुढे घट होत नाही, ही खूण लक्षात ठेव. आणि तयार घटात जे पाणी असतं ते पावसाचं नव्हे, झाकण उघडण्याआधीच झाडानं स्वतः बनवलेलं पाचक द्रव असतं. ते ओतून टाकायचं नाही.

सेफॅलोटस तुझ्या यादीत नाही, पण दुकानदार तुला नक्की दाखवेल. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या आल्बनीच्या आसपासचं, अंगठ्याएवढे घट, झाकणावर पारदर्शक खिडक्या. फार गोड दिसतं. पण त्याला कोंदट हवा सोसत नाही, मुळं सतत चिंब राहिली तर चांगलं वाढलेलं झाडही अचानक बसतं. नको घेऊस.

आणि आता व्हीनस फ्लायट्रॅप. तुला वाईट वाटेल, पण ती टेरेरियमची वनस्पतीच नाही. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या छोट्याशा पट्ट्यात, उघड्या पाणथळ माळावर ती वाढते. तिला कडक ऊन हवं आणि हिवाळ्यात तीन-चार महिने थंडीत झोप हवी. ती झोप मिळाली नाही तर दर वर्षी अशक्त होत जाते आणि संपते. काचेच्या बरणीत घालून विकतात ते दिसायला सुंदर असतं, इतकंच. ज्यांच्या गच्चीवर ऊन आहे आणि हिवाळ्यात रात्री दहा-बारापर्यंत उतरतात, त्यांनी ती उघड्यावर, पाण्याच्या ताटलीत ठेवावी. सारासेनिया या अमेरिकी घटपर्णीचंही तसंच. निळ्या, सप्तरंगी फ्लायट्रॅपच्या बिया विकायला दिसतील, त्या सरळ फसवणूक आहेत. अशी फ्लायट्रॅप जगात नाही.

आता पेटीचं. रोपं थेट टाकीच्या तळात लावू नकोस, फोटोत कितीही छान दिसलं तरी. प्रत्येकाला छोटी प्लॅस्टिकची कुंडी दे आणि कुंड्या टाकीत मांड, मधल्या फटी मॉसनं झाक. एकाला बुरशी लागली तर तेवढंच उचलून बाहेर काढता येतं, पिंग्विक्युला कोरडी आणि युट्रिक्युलेरिया चिंब ठेवता येते. माती म्हणजे आपली बागेतली माती नव्हेच. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस, ऑर्किड विकणाऱ्यांकडे मिळतं, त्यात निम्मं परलाइट. शेणखत, गांडूळखत, युरिया, ‘थोडंसं घातलं तर काय होतंय’ असं काहीही नाही. ही झाडं कीटक खायला शिकली तीच मुळी नत्र जेमतेम असलेल्या जमिनीत राहून. त्यांच्या मुळांना खत म्हणजे विष. कोकोपीटही टाळ, नारळाचा काथ्या बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला असतो आणि त्यातलं मीठ धुऊन धुऊनही जात नाही.

पाण्याबद्दल मी कडक आहे, तू ऐकायलाच हवं. नळाचं नाही, बोअरचं नाही, टँकरचं तर मुळीच नाही. उकळून गार केलेलंही नाही, उकळल्यानं क्षार जात नाहीत, उलट पाणी आटून दाट होतात. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या दोन-तीन सरी जाऊ दे, मग गच्चीवर उघड्यावर बादल्या ठेव. पत्र्यावरून आलेलं घेऊ नकोस. पिंपात भरून कापड आणि झाकण घट्ट लाव, डासांची अंडी नकोत, आपल्याकडे डेंग्यू काही कमी नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल असं सगळे सांगतात, पण घरच्या बऱ्याच मशिनांत पाण्याला चव यावी म्हणून क्षार परत मिसळतात. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शेकड्यांत येतो, त्यानं मोज. आकडा पन्नासच्या आत असेल तर वापर, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आण.

दिवा पांढऱ्या उजेडाचा एलईडी, टायमर लावून बारा ते चौदा तास. ॲडेली कडेच्या सावलीत, पिंग्विक्युला दिव्याखाली. झाकण पूर्ण बंद नको. कोंदट हवेत करडी बुरशी धरते आणि दोन दिवसांत कोवळी रोपं खाऊन टाकते. बोटभर फट ठेव, किंवा कॉम्प्युटरचा जुना बारा व्होल्टचा पंखा वरच्या जाळीवर बसवून तासातून काही मिनिटं फिरव. टाकी उत्तरेच्या खिडकीजवळ, जमिनीलगत ठेव, गार हवा खाली बसते. फ्रिजवर नको, त्याची मागची जाळी गरम असते.

खायला घालायची हौस सगळ्यांनाच असते. मटण-चिकनचा तुकडा पानावर ठेवायचा नाही, तो कुजतो आणि पान घेऊन जातो. अधूनमधून माशांच्या खाद्याचा दाणा भिजवून, चुरून, सुईच्या टोकाएवढा पानावर टेकव. चिलटं येत असतील तर तेही नको. आणि दवबिंदूवर नीम तेल फवारू नकोस, ते केसरांना सोसत नाही.

राहिलं कासचं पठार. याबद्दल मला मनापासून सांगायचंय. आपल्या पठारावरचे इंडिका आणि बर्मानी हे दवबिंदू तुझ्या गार पेटीत तसेही जगणार नाहीत. त्यांना उघडं आकाश आणि भरपूर ऊन हवं, आणि ते मुळात वर्षभरच जगणारे आहेत. पावसाळ्यात उगवतात, फुलतात, बी सांडतात आणि वाळून जातात. पेल्टाटा जमिनीत कंद करून उन्हाळा काढतो, वरून ओढला की कंद तिथेच राहतो आणि हातात येतं ते मेलेलं असतं. सीतेची आसवं, म्हणजे कासच्या युट्रिक्युलेरिया, तर जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात, वाहत्या पाण्यात फुलतात. तो थर एकदा उखडला की पुन्हा बसायला किती पावसाळे जातील. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत आलं, कुंपण झालं, पास आले, तरी पिशवीत रोप घालून नेणारे दिसतातच. ‘कुणीतरी आणून देईल’ या तुझ्या वाक्यातल्या त्या माणसाला नाही म्हण. मेघालयातल्या गारो आणि जैंतिया टेकड्यांतली खासियाना घटपर्णीही कायद्यानं संरक्षित आहे. जंगलातून काढून आणलीय असं सांगून कुणी स्वस्तात देत असेल तर तिथून काही घेऊ नकोस, घटपर्णी नव्हे आणि दुसरंही नव्हे. टिश्यू कल्चरची किंवा घरच्या रोपापासून वाढवलेली, एवढीच आपली खरेदी.

तर पहिल्या वर्षी चारच रोपं: ॲडेली, मोरानेन्सिस, सँडरसोनी आणि एक छोटी व्हेंट्रिकोसा. मागवायची ती जुलैनंतर, प्रवासातला उन्हाळा टळतो आणि ताजं पावसाचं पाणी हाताशी असतं. मोरानेन्सिसची पानं मी देईन, ती विकत घेऊ नकोस. थर्मामीटर आणलास की आठवड्याभराचे रात्रीचे आकडे मला पाठव, मग पुढचं ठरवू.

तुझी ताई